आठ लिटर पाणी पिऊनही पोटऱ्यांत गोळे का येतात?

प्रश्न असा आहे: चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात रस्त्याचं काम चालू आहे. पाण्याची अडचण नाही, जारवर जार येतात आणि एकेक मजूर दिवसाला आठ-आठ लिटर पाणी पितो. तरी दुपारी तीननंतर कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कुणाचं डोकं ठणकतं, कुणाला मळमळतं. शरीर आतलं वातावरण आपोआप स्थिर ठेवतं असं शाळेत शिकवलं होतं. मग ते इथे का जमत नाही, आणि कामावरच्या सुपरवायझरने काय करायचं?

गोळे येतात तेव्हा ही यंत्रणा बंद पडलेली नसते. ती जोरात चालू असते आणि त्यासाठी काहीतरी खर्च करत असते. ‘होमिओस्टॅसिस’ हा शब्द वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये रूढ केला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत तराजूचं चित्र छापतात, दोन्ही पारडी समान. ते चित्र अर्धवट आहे. शरीर एक गोष्ट स्थिर ठेवायला दुसरी वापरतं, आणि सगळंच पुरत नाही असं दिसलं की आधी काय सोडायचं याचा क्रम त्याचा ठरलेला असतो. तो क्रम कळला की मजुराला पाणी द्यायचं, मीठ द्यायचं की सरळ बर्फाची लादी मागवायची, हे ठरवता येतं.

सुरुवात उष्णतेपासून करू. ६० किलोच्या माणसाचं शरीर १ अंश सेल्सिअसने तापायला साधारण ५० किलोकॅलरी लागतात. नुसतं बसलेलं शरीरही तासाला ७० च्या आसपास किलोकॅलरी उष्णता तयार करतं. टिकाव-फावडं चालवताना हाच आकडा ३५० पर्यंत जातो, कारण स्नायूला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा हिस्सा कामाला येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर पडलीच नाही तर दर आठ-नऊ मिनिटांना ताप एकेक अंशाने चढेल. त्वचेचं तापमान असतं ३४-३५ अंश. हवा त्याहून थंड असेपर्यंत उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४५ अंशांवर गेली की प्रवाह उलटा होतो, हवाच शरीराला तापवते. मग उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. कामाची उष्णता, वर उन्हाची आणि खालून तापलेल्या डांबराची, असा हिशेब केला की तासाला एक लिटर घाम हा काही फार मोठा आकडा नाही. सवय झालेल्या माणसाला तो दीड-दोन लिटरपर्यंतही जातो.

यात ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे. मातीचा माठ विदर्भात मे महिन्यात दातांना कळ येईल इतकं थंड पाणी देतो आणि तोच माठ रत्नागिरीत ठेवला तर पाणी जेमतेम गार होतं. शरीराचंही तेच. कोरड्या हवेत घाम दिसतसुद्धा नाही, कारण येतो तसा उडून जातो. माणसाला वाटतं, आपल्याला घामच आला नाही. शर्टावर पांढरे डाग दिसतात ते त्याच घामाचं मागे राहिलेलं मीठ. कोकणात आणि मुंबईत घाम टपटप गळतो. गळलेल्या घामाने काहीच थंड होत नाही, नुसतं पाणी आणि मीठ वाया. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर दहाहून जास्त माणसं दगावली. पारा काही चंद्रपूरसारखा नव्हता. ऊन थेट डोक्यावर होतं आणि हवा दमट होती. नुसता पारा बघून धोका ठरवू नये तो यासाठी.

आता घामाची किंमत. एक लिटर घामात सोडियम २० ते ८० मिलिमोल, माणसागणिक फरक फार. मध्यम आकडा ४० धरू. १ ग्रॅम मिठात १७ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे लिटरमागे सव्वादोन-अडीच ग्रॅम मीठ गेलं. सहा तासांत सहा लिटर घाम, म्हणजे १४ ग्रॅम. आपल्या रोजच्या जेवणातून दिवसभरात साधारण ८ ते ११ ग्रॅम मीठ पोटात जातं. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला ते जास्तच आहे आणि त्याला ‘पाच ग्रॅमच्या आत ठेवा’ हेच सांगायला हवं. हा सल्ला मे महिन्यात रस्त्यावर खडी पसरणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लागू करू नका.

एका मजुराचा दिवस कागदावर मांडू. वजन ६० किलो, अंगातलं एकूण पाणी ३६ लिटर. त्यातलं २४ लिटर पेशींच्या आत, १२ लिटर बाहेर, आणि बाहेरच्यातलं रक्तद्रव फक्त अडीच-तीन लिटर. रक्तातलं सोडियम लिटरला १४० मिलिमोल (निरोगी पट्टा १३५ ते १४५). सोडियम मुख्यतः पेशींबाहेर राहतं, पण पाणी आत-बाहेर मोकळं फिरतं. म्हणून ढोबळ हिशेब सगळ्या पाण्यावर करायचा: ३६ गुणिले १४०, म्हणजे ५०४०. घामातून गेले २४०. दुपारच्या डब्यातून सुमारे चार ग्रॅम मीठ, म्हणजे ७० परत आले. उरले ४८७०. पाणी प्यायला ८ लिटर, घाम ६, लघवी अर्धा लिटर. अंगातलं पाणी झालं साडेसदतीस. ४८७० भागिले ३७.५, उत्तर येतं १३०. हा माणूस कोरडा पडलेला नाही. उलट त्याच्या अंगात सकाळपेक्षा दीड लिटर पाणी जास्त आहे आणि रक्त पातळ झालंय. त्याची मळमळ आणि डोकेदुखी इथून येते. सोडियम उतरलं की पाणी पेशींत शिरतं. पोटरीचा स्नायू थोडा फुगला तर बिघडत नाही. मेंदू मात्र कवटीच्या बंद डब्यात आहे, त्याला फुगायला जागा नाही.

इथे हुशार वाचक विचारेल की मूत्रपिंड कशाला आहेत? जास्तीचं पाणी फेकून का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे, कारण त्यांची ताकद प्रचंड आहे. दिवसाला १८० लिटर द्रव गाळून ती जवळजवळ सगळा परत ओढून घेतात आणि दीड-एक लिटर लघवी सोडतात. गरज पडली तर तासाला ८०० मिलिलिटर ते लिटरभर पातळ लघवी काढू शकतात. ही तोटी किती उघडायची ते एडीएच नावाचं संप्रेरक ठरवतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये रक्ताची दाटी मोजणाऱ्या पेशी असतात. दाटी एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी त्यांना कळतं. एडीएच सुटतं, लघवी घट्ट आणि कमी होते, थोड्या वेळाने तहान लागते. पाणी प्यायल्यावर तहान लगेच भागते ती मजा बघण्यासारखी आहे. पाणी आतड्यातून रक्तात उतरायला दहा-वीस मिनिटं लागतात, पण घसा आणि पोट आधीच मेंदूला कळवून टाकतात की माल येतोय. म्हणजे ही यंत्रणा चूक घडल्यावर दुरुस्ती करते तशी अंदाजावरही चालते.

पण एडीएचला दुसरेही हुकूम मानावे लागतात. रक्ताचं आकारमान आठ-दहा टक्क्यांनी घटलं, तर रक्त पातळ असो वा दाट, एडीएच सुटतंच. मळमळ हा त्याला सोडणारा सगळ्यांत जोरकस इशारा आहे. वेदना, जबरदस्त श्रम, काही औषधं यांनीही ते सुटतं. आता मजुराकडे परत बघा. घामावाटे मीठ गेल्याने रक्तवाहिन्यांतलं आकारमान कमी झालंय, कारण पाण्याला पेशींबाहेर धरून ठेवणारं मीठच गेलं. श्रम चालूच आहेत आणि वर मळमळ सुरू झालीय. रक्त पातळ होऊनही तोटी बंद. साधं पाणी पाजावं तेवढं आतच राहतं. मळमळतंय म्हणून पुन्हा पाणी दिलं की चक्र आणखी घट्ट बसतं.

तर तो क्रम असा. सगळ्यांत वर मेंदूकडे जाणारं रक्त, म्हणजे रक्तदाब आणि आकारमान. ते सांभाळायला शरीर रक्ताची दाटी सोडून देतं. तरीही पुरलं नाही तर तापमान सोडून देतं. उन्हात त्वचेकडे मिनिटाला सहा-आठ लिटरपर्यंत रक्त वळवलेलं असतं. आकारमान घटलं की ते परत आत खेचलं जातं, घामही कमी होतो. वजनाच्या दर एक टक्का पाण्याच्या तुटीमागे आतलं तापमान ०.१ ते ०.२ अंशाने चढं राहतं. आतड्यांचा रक्तपुरवठा तर कधीच कापलेला असतो, म्हणून उन्हात काम करणाऱ्याला जेवण जात नाही. जेवण जात नाही म्हणजे मीठही जात नाही. डबा तसाच परत आला हे मुकादमाने गोळ्यांइतकंच गंभीरपणे घ्यावं.

खुद्द गोळ्यांबद्दल: त्यामागे मीठ एकटं नसतं. थकलेल्या स्नायूवरची मज्जातंतूंची पकड बिघडणं हेही कारण आहे, आणि म्हणूनच पंजा स्वतःकडे ओढून पोटरी ताणली की गोळा बहुतेक वेळा मिनिटभरात सुटतो. ताणल्यावर सुटला आणि पुन्हा आला नाही तर तो थकव्याचा. एकामागून एक जागी फिरत राहिला, पोटाचे स्नायूही धरायला लागले, शर्टावर पांढरे डाग आहेत आणि दिवसभर नुसतं पाणी पोटात गेलंय, तर मीठ कमी पडलंय असंच धरून चाला.

द्यायचं काय? ओआरएसचं आजचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलं: एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. साखर चवीसाठी नाही. लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन कण आत घेतं आणि पाणी त्यांच्यामागे येतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून हेच मोठ्या प्रमाणावर वापरलं. साखर जास्त घातली तर मात्र डाव उलटतो. दाट साखरेचं पाणी आतड्यात उलट पाणी ओढतं, जुलाब होतात. खोक्यातल्या रंगीत फळपेयांत साखर या सूत्राच्या कितीतरी पट असते, नावात काहीही लिहिलेलं असो. पाकिटावरचं प्रमाण वाचा.

पाकिटं दोन मापांची मिळतात. मोठं, २०-२१ ग्रॅमचं, एका लिटरसाठी. छोटं, चार ग्रॅमच्या आसपासचं, २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट पेल्यात ढवळून पाजणं ही नेहमी होणारी आणि लहान मुलांत जीवावर बेतणारी चूक आहे. अर्धं पाकीट उद्यासाठी ठेवायचं नाही, कालवलेलं २४ तासांनंतर फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावरून सुरी फिरवून. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं.

दिवसभर सगळ्यांना फक्त ओआरएसच पाजा असं मात्र नाही. सहा लिटर घामाच्या दिवशी चार लिटर साधं पाणी आणि दोन लिटर ओआरएस, शिवाय भाजी-भाकरीचा खारट डबा, एवढ्यात हिशेब जवळपास जुळतो. दोन लिटर ओआरएसमधून १५० मिलिमोल सोडियम मिळतं, डब्यातून ७०. गेले होते २४०. ओआरएसऐवजी ताक चालेल आणि मजुरांना ते आवडतंही. पातळ ताकाच्या २० लिटरच्या कॅनला ६० ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला तीन ग्रॅम. हे वजनकाट्यावर मोजून घाला, मुठीने नको, मूठ प्रत्येकाची वेगळी. उन्हात कॅन ठेवू नका, दुपारपर्यंत संपवा. पन्हं, कोकम सरबत, लिंबू सरबत सगळं चालतं, पण पेल्याला पाव चमच्याहून थोडं कमी, सुमारे एक ग्रॅम मीठ पडलं तरच. हॉटेलात मिळणाऱ्या सरबतात चिमूटभर मीठ आणि वाटीभर साखर असते. नारळपाणी चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, घामाच्या अगदी उलट. किडनीच्या रुग्णाने तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. खिशातल्या कांद्याचा उपयोग शून्य. तोच कांदा ठेचा-भाकरीबरोबर खाल्ला तर उपयोग होतो, तो ठेच्यातल्या मिठाचा.

वेळेचं गणित पाण्याइतकंच महत्त्वाचं. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, २०० ते २५० मिलिलिटर. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. दोन तास कोरडं काम आणि मग एकदम दोन लिटर ही सवय मोडा. जास्त पाणी पिऊन रक्त पातळ होणं ही कल्पनेतली भीती नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं, आणि धावताना वजन वाढलेल्यांत ते जास्त दिसलं. पळून वजन वाढतं म्हणजे घामाहून जास्त पाणी प्यायलं गेलं, दुसरा अर्थच नाही.

म्हणून कामावर साधा वजनकाटा ठेवा. ठेकेदार बहुतेक हसतील, हसू द्या. सकाळी लघवी करून वजन, दुपारी घाम पुसून पुन्हा वजन. एक किलो म्हणजे एक लिटर. ६० किलोच्या माणसाचं वजन १.२ किलोपेक्षा जास्त घटलं, लघवी गडद पिवळी आणि तोंडाला कोरड असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडलंय, दोन्ही द्या. वजन तेवढंच किंवा वाढलेलं, तहान नाही, पोट गच्च, बोटातली अंगठी रुतते, डोकं दुखतं आणि उलटी होते, तर साधं पाणी ताबडतोब बंद. सावलीत बसवा, खारट काहीतरी खायला द्या. बोलणं विसंगत झालं किंवा झटका आला तर दवाखान्यात न्या. लघवीचा रंग बघायचा तर तो एकटा कधी धरू नका. जीवनसत्त्वाच्या गोळीनेही ती पिवळीधमक होते. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी लघवी मात्र वेगळीच गोष्ट आहे. ते स्नायू फुटून त्यातलं प्रथिन लघवीत उतरल्याचं लक्षण, किडनी बसू शकते. त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला हवं.

नव्या माणसावर सगळ्यात जास्त लक्ष. उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात आणि त्या काळात शरीरात खरोखर बदल होतात. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे घामग्रंथी मीठ परत ओढायला शिकतात. त्याच माणसाच्या घामातलं मीठ निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतं. थंड प्रदेशातून नुकताच आलेला, किंवा लग्नासाठी महिनाभर गावी जाऊन परतलेला मजूर पहिल्या दिवशी पूर्ण पाळी करत असेल तर तो ठेकेदाराचा अडाणीपणा आहे. नव्याला पहिल्या दिवशी पाळीच्या २० टक्के, पुढे रोज २० टक्क्यांची वाढ. जुना पण सुट्टीवरून आलेला असेल तर ५०, ६०, ८०, १०० टक्के, असे चार दिवस. सुरुवातीच्या दिवसांत मीठही जास्त लागतं, नंतर कमी. नवतपा लागायच्या आधीच नवी भरती उरकलेली बरी.

औषधांचं लगेच सांगतो, कारण चाळिशीच्या पुढच्या मजुरांत बीपी-शुगर आता काही विशेष राहिलेलं नाही. लघवीच्या गोळ्या, त्यातही थायाझाइड, मीठ बाहेर काढतात. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या बीपीच्या गोळ्या आकारमान घटल्यावर किडनीचा बचाव काढून घेतात. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या लघवीतून साखरेबरोबर पाणीही नेतात. बीटा-ब्लॉकर या बीपी-हृदयाच्या गोळ्यांमुळे हृदयाचा वेग हवा तेवढा वाढत नाही. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरची औषधं घामच बंद करतात. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एवढंच सांगावं, ‘मी दिवसभर उन्हात काम करतो, उलटी-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवू?’ मीठ वाढवण्याचा वरचा सल्ला हृदयाच्या, किडनीच्या आणि बीपीच्या रुग्णाने विचारल्याशिवाय पाळू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची तर तहानच मंदावलेली असते आणि किडनीला लघवी पूर्वीइतकी घट्ट करता येत नाही. त्यांना ‘पाणी हवं का?’ विचारून उपयोग नाही, नको म्हणतात. पेला हातात द्यावा.

आता ज्यात मिनिटं मोजायची तो प्रसंग, उष्माघात. साध्या तापात हायपोथॅलॅमसने स्वतःच पारा वर ठरवलेला असतो, म्हणून थंडी वाजते, आणि पॅरासिटामॉल ती खूण खाली आणतं. उष्माघातात खूण ३७ वरच आहे, शरीर हरलंय. तिथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही आणि आधीच मार खाल्लेल्या यकृतावर ते ओझं होतं. ओळखायची खूण ताप नसून वागणं आहे. कुणी उगाच चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, स्वतःचं नाव सांगायला वेळ लावतो. ‘अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ हा समज काढून टाका. राबणाऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा तो बऱ्याचदा घामाने निथळत असतो. काखेतलं थर्मामीटर तर सरळ फसवतं. आत ४१ असताना ते ३८ दाखवू शकतं.

असा माणूस दिसला की १०८ ला फोन करायला एकाला लावा आणि बाकीच्यांनी थंड करायला सुरुवात करा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. रस्त्याच्या कामावर ताडपत्री असतेच. माणसाला तिच्यात मधोमध निजवा, चार-पाच जणांनी कडा उचलून द्रोण करा, त्यात शंभर-दीडशे लिटर पाणी आणि फोडलेली बर्फाची लादी टाका, पाणी हलवत राहा. डोकं एकाने दोन्ही हातांनी वर धरून ठेवायचं. बर्फाच्या पाण्यात शरीर साधारण पाच मिनिटांत एक अंश उतरतं. पहिल्या अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणायचंच. थर्मामीटर नसेल तर पंधरा मिनिटं, किंवा नीट उत्तरं देऊ लागेपर्यंत. तो कुडकुडायला लागला, हिसडे द्यायला लागला म्हणून मध्येच काढू नका. बर्फ नसेल तर टँकरचं पाणी अंगभर सतत ओता आणि जोराची हवा घाला. चंद्रपूरच्या कोरड्या हवेत याने चांगलं काम होतं, मुंबईच्या दमट हवेत अपुरं पडतं, तिथे बर्फच हवा. मान-काखा-जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

राहिला सलाइनचा मोह. चक्कर आली की जवळच्या दवाखान्यात ‘एक बाटली लावा’ म्हणायची रीत आहे. बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. नॉर्मल सलाइनमध्ये लिटरला १५४ मिलिमोल सोडियम असतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडियम अजिबात नसतं. त्यातली साखर शरीराने वापरली की उरतं निव्वळ पाणी, आणि रक्त आधीच पातळ झालेल्या माणसाला ते शिरेतून देणं म्हणजे मेंदूची सूज वाढवणं. सोडियम घसरून झटका आला तर उपाय तीन टक्क्यांच्या सलाइनचा आहे, १०० मिलिलिटर दहा मिनिटांत, लागल्यास तीनदा, आणि तेही रुग्णालयातच. काही तासांत उतरलेलं सोडियम असं पटकन चढवलेलं चालतं. दोन दिवसांपासून उतरलेलं असेल तर मेंदूच्या पेशींनी तोवर आतले क्षार बाहेर टाकून स्वतःला जुळवून घेतलेलं असतं, मग ते २४ तासांत ८-१० मिलिमोलपेक्षा जास्त वाढवता येत नाही, नाहीतर मज्जातंतूंचं वेष्टण सोलवटतं. त्रास आज दुपारी सुरू झाला की परवापासून आहे, हे डॉक्टरांना सांगणारा माणूस रुग्णाबरोबर हवाच. त्याच्या हातात एक चिठ्ठी द्या: सकाळचं आणि आत्ताचं वजन, आज किती लिटर पाणी, किती ओआरएस, जेवला की नाही, रोजच्या गोळ्या कोणत्या, वागणं किती वाजता बदललं आणि थंड करायला किती वाजता घेतलं.